दुरुस्त झालेला क्लच पुन्हा पुन्हा का जळतो?

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांना भीमा, घोड व मुळा-मुठा या नद्यांचे सान्निध्य लाभले आहे. तथापि नदी व कालव्यांच्या काठचा ऊस दृष्टीआड होताच पाबळ-केंदूर परिसरासारखी कोरडवाहू गावेही लागतात. अशा गावांत पाझर तलावातील गाळ काढणे, नाला खोल करणे, बांध घालणे ही कामे उन्हाळ्यातच उरकावी लागतात. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेले जलयुक्त शिवार अभियान आणि २०१७ मधील गाळमुक्त धरण-गाळयुक्त शिवार योजना यांमुळे या कामांना गती मिळाली. पुढे माती भरणारी बादली आणि मागे खोदणारा हात असलेले यंत्र या कामी सर्वत्र दिसते. ते कोणत्याही कारखान्याचे असो, लोक त्यास ‘जेसीबी’ म्हणूनच ओळखतात.

हे यंत्र ऐन मे महिन्यात बंद पडले, तर नुकसान केवळ मालकाचे होत नाही. पाऊस सुरू झाला की तलावात उतरता येत नाही आणि काम पुढील वर्षावर जाते. अशा बंद पडण्याच्या कारणांत गिअरपेटीतील क्लच जळणे हे एक खर्चिक कारण होय. त्याहून वाईट प्रकार म्हणजे गिअरपेटी पूर्ण उघडून, नव्या चकत्या घालून बसविल्यावर थोड्याच दिवसांत तोच क्लच पुन्हा जळणे. असे का घडते व त्याचे निदान कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचना व कार्य

ट्रॅक्टरचा नेहमीचा क्लच चालक पायाने दाबतो. या यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रांत मात्र पुढे जाण्यासाठी एक व मागे येण्यासाठी एक असे दोन क्लच गिअरपेटीच्या आत तेलात बुडालेले असतात. स्वयंचलित मोटारगाडीच्या गिअरपेटीतही याच जातीचे क्लच असतात. इंजिन व गिअरपेटी यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाच्या प्रवाहाद्वारे शक्ती पोचविण्याचे हे तत्त्व जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ च्या सुमारास प्रथम मांडले.

प्रत्येक क्लचच्या डब्यात घर्षणाचा थर दिलेल्या चकत्या व साध्या पोलादी चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. चालकाने दांडी पुढे केली की विजेवर चालणारी झडप उघडते, पंपाचे तेल पिस्टनमागे जाते आणि पिस्टन चकत्यांना एकमेकींवर घट्ट दाबतो. दाब निघताच स्प्रिंग पिस्टनला मागे आणते.

येथे एक साधे गणित पाहावे. पिस्टनचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर, तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १४ किलोग्रॅम आणि स्प्रिंगचा विरोध १०० किलोग्रॅम आहे असे समजू. चकत्यांवर १,४०० वजा १००, म्हणजे १,३०० किलोग्रॅमचा जोर पडेल. दाब ९ वर उतरला, तर हा जोर ८०० होईल. म्हणजे पकड सुमारे ३८ टक्क्यांनी घटली. रिकामे यंत्र रस्त्याने चालेल. पण बादली मातीच्या ढिगात घुसताच चकत्या घसरतील, तापतील आणि जळतील. (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्यक्ष दाब त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.)

यावरून मुख्य सूत्र हाती येते. चकत्या जळणे हा परिणाम आहे, कारण नव्हे. कारण तसेच ठेवून चकत्या बदलणे म्हणजे ताप उतरविणे आणि रोग कायम ठेवणे होय.

निदानाचा क्रम

पहिली पायरी गिअरपेटी उघडण्यापूर्वीची आहे. तेलाची पातळी, रंग व वास पाहावा. काळे, करपट वासाचे तेल चकत्या जळाल्याचे सांगते. फेसाळलेले तेल पातळी चुकल्याचे किंवा पंप हवा ओढत असल्याचे दर्शविते. तेल शिफारशीच्या जातीचेच आहे ना, याचीही खात्री करावी. भलत्याच तेलाने चकत्यांची पकड बिघडते.

दुसरी पायरी दाबमापकाची. तेल कामाच्या तापमानाला आणून दाब तीन स्थितींत मोजावा: दांडी मध्ये, पुढे व मागे. तिन्ही स्थितींत दाब कमी असेल, तर दोष सामाईक आहे; पंप, तुंबलेली जाळी वा फिल्टर किंवा दाब नियंत्रित करणारी झडप तपासावी. केवळ ‘पुढे’ या स्थितीत दाब पडत असेल, तर गळती त्याच क्लचच्या मार्गात आहे. थंड असताना दाब पुरेसा व तापल्यावर अपुरा असेल, तर झिजलेल्या फटींतून पातळ झालेले तेल निसटत आहे, असे समजावे.

तिसरी पायरी जळालेल्या भागाच्या वाचनाची. पुढचाच क्लच तिसऱ्यांदा जळाला असून मागचा स्वच्छ आहे, असे समजू. अशा वेळी पिस्टनचे सील बसविताना कापले गेले काय, शाफ्टवरील सीलिंग रिंगांच्या खाचा झिजल्या काय, डब्याच्या आतील भिंतीवर चर पडला काय, हे पाहावे. जुन्या खाचेत नवी रिंग घातली, तरी तेल निसटतेच. डबा जोडल्यावर, गिअरपेटी बंद करण्यापूर्वी, तेलाच्या छिद्रातून बेताच्या दाबाची हवा सोडावी. पिस्टन ठामपणे हलला आणि गळतीचा मोठा आवाज आला नाही, तरच पुढे जावे.

दाब सर्वत्र योग्य असूनही क्लच जळत असेल, तर दोष जोडणीत वा वापरात शोधावा. चकत्यांची संख्या कमी पडणे, त्यांच्यातील मोकळीक फीलर गेजने न मोजणे, वाकलेल्या पोलादी चकत्या पुन्हा घालणे, नव्या चकत्या तेलात न भिजविता बसविणे, या चुका आढळतात. स्प्रिंग तुटल्यास क्लच पूर्ण सुटत नाही आणि विरुद्ध दिशेला जाताना फरफटत जळतो.

चौथी पायरी बहुधा विसरली जाते. पहिल्यांदा क्लच जळाला तेव्हाचा भुगा ऑइल कूलरमध्ये, नळ्यांत व टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतो. ते साफ केले नाहीत, तर तोच भुगा नव्या गिअरपेटीत परततो आणि झडपा अडकवितो. कूलर तुंबलेला असेल, किंवा त्याच्या बाहेरील बाजूस धुळीचा व पाचटाचा थर असेल, तर तेल तापते व सील कडक होतात.

चालकाची भूमिका

यंत्र पुढे धावत असतानाच दांडी मागे टाकणे, क्लचवर मोठा आघात करणारे आहे. यंत्र थांबवून दिशा बदलावी. मात्र प्रत्येक वेळी चालकालाच दोष देणे न्यायाचे नाही. दाब मोजल्याशिवाय हा आरोप सिद्ध होत नाही. आणि रोजंदारीवरील चालकाची नोकरी अशा आरोपाने जाऊ शकते.

पंचायत व शाळा यांना काय करता येईल?

यंत्र भाड्याने घेताना पंचायतीने त्याची नोंदवही पाहावी. चाललेले तास, तेल व फिल्टर बदलल्याचा दिनांक आणि दुरुस्तीनंतर मोजलेले दाब तीत असावेत. दुरुस्तीचे देयक देण्यापूर्वी मालकाने जुने भाग व दाबाची नोंद मागावी. कारण लिहून दिलेले नसेल, तर दुरुस्ती अपुरी आहे असे मानण्यास हरकत नाही.

शिक्षकांसाठीही येथे उत्तम पाठ आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला आणि हाताने काम करीत शिकण्याची पद्धत ग्रामीण मुलांपर्यंत नेली. दाब, क्षेत्रफळ, घर्षण व उष्णता हे पाठ्यपुस्तकातील विषय एका जळालेल्या चकतीत एकत्र भेटतात. गावातील कार्यशाळेतून अशी एक चकती वर्गात आणावी, ती मुलांच्या हाती द्यावी आणि ‘ही का जळाली असेल?’ एवढाच प्रश्न विचारावा. ‘जळाले, बदला’ असे म्हणण्याऐवजी कारण शोधण्याची सवय मुलांना लागली, तर पुढे त्यांच्यातूनच होणारे कारागीर गावाचा पैसा आणि त्याहून मोलाचा असा पावसापूर्वीचा वेळ वाचवतील.