एका पाइपचा कालनिर्णय

(इतिहास विभाग)

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि बखरी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु रोजच्या वापरातील एखादी क्षुल्लक वस्तूही, तिला प्रश्न विचारता आले तर, चोख साक्ष देते. असाच एक साक्षीदार आमच्या घरच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून होता. तो म्हणजे तंबाखू ओढण्याचा एक जुना पाइप. १९१६ साली मेसोपोटेमियाच्या मोहिमेत एका आयरिश अधिकाऱ्याने तो माझ्या पणजोबांना भेट दिला, अशी घरातील परंपरा. पाइपवर ‘पीटरसन’ ही अक्षरे आहेत. तेव्हा प्रथम या पीटरसनची ओळख करून घेऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील न्यूरेंबर्गहून आलेल्या कॅप घराण्याने आयर्लंडमध्ये, डब्लिन शहरी पाइपचे दुकान थाटले. लॅटव्हियाहून आलेला चार्ल्स पीटरसन हा कुशल कारागीर त्यांना मिळाला आणि ‘कॅप अँड पीटरसन’ ही पेढी उभी राहिली. तिच्या पाइपचे वय ठरविताना मुख्यतः तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट रचना. पाइप ओढताना धुरातील ओलावा नळीत साचतो व कडवट पाणी तोंडात येते. यावर तोडगा म्हणून पीटरसनने दांडीत धुराच्या वाटेखाली एक खळगा ठेवला. ओलावा तेथेच साठतो. या रचनेचे पेटंट १८९० चे आहे. पुढे १८९८ मध्ये त्याने तोंडात धरावयाच्या नळीचे छिद्र टोकाऐवजी वरच्या बाजूस नेले, म्हणजे धूर जिभेला न भाजता टाळूकडे जातो. अशी नळी असलेला पाइप १८९८ च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा समजावा. मात्र नळी तुटते, झिजते व बदलली जाते. म्हणून एकट्या नळीवर विसंबू नये.

दुसरी गोष्ट धातूचे कडे. ते चांदीचे असेल व डब्लिनच्या परीक्षण कार्यालयाचे ठसे त्यावर असतील, तर काम सोपे होते. मुकुटधारी वीणा, हायबर्निया ही आसनस्थ स्त्री आणि वर्षागणिक बदलणारे एक अक्षर असे हे ठसे असतात. अक्षरावरून वर्ष निघते. पण येथे एक फसगत संभवते. निकेलच्या कड्यांवर पेढीने स्वतःची तीन चित्रे उमटविली आहेत: त्रिदल पान, शिकारी कुत्रा व गोल मनोरा. ती चांदीच्या ठशांसारखी दिसतात, पण त्यांत वर्ष दडलेले नसते.

तिसरी आणि सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे देशाचे नाव. आयर्लंडचा राजकीय इतिहासच या लाकडावर कोरला गेला आहे. ‘आयरिश फ्री स्टेट’ हे राज्य डिसेंबर १९२२ मध्ये अस्तित्वात आले. २९ डिसेंबर १९३७ पासून नवी राज्यघटना लागू झाली व ‘एरे’ हे नाव रूढ झाले. १८ एप्रिल १९४९ रोजी देश अधिकृतपणे प्रजासत्ताक झाला आणि ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ हा शब्दप्रयोग पाइपवर आला. नुसते ‘मेड इन आयर्लंड’ असेल तर इतर पुरावा शोधावा.

हे लक्षात ठेवून मी आमचा पाइप भिंगाखाली धरला. छिद्र वरच्या बाजूस. म्हणजे परंपरेला बाध नाही. कडे निकेलचे, त्यामुळे मौन. परंतु दांडीच्या बाजूस पुसट अक्षरे दिसली: ‘मेड इन एरे’. १९१६ मध्ये या नावाचे राज्य नव्हते. नाव उदयास येण्यापूर्वी त्याचा शिक्का उमटणे शक्य नाही. म्हणजे पणजोबांचा मेसोपोटेमिया आणि हा पाइप यांची गाठ पडणे अशक्य.

हे पंच्याऐंशी वर्षांच्या वडिलांना सांगावे की नाही, या विचारात दोन दिवस गेले. अखेर सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “मग तो थोरल्या काकांचा असेल. तेही पलटणीत होते. दुसऱ्या युद्धात इटलीत होते. परत आले, पण फार जगले नाहीत. त्यांच्याबद्दल आम्ही कधी कुणाला विचारलंच नाही.”

येथे अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. शिक्का एवढेच सांगतो की वस्तू अमुक काळाच्या आधीची नाही. ती कोणाच्या हातात होती हे तो सांगत नाही. थोरल्या काकांचे नाव हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. तरीही, एका आख्यायिकेला तडा गेला तेव्हा घरातल्या एका विसरलेल्या माणसाविषयी प्रथमच प्रश्न विचारला गेला. पुराव्याचा मान राखल्याने काही हरवते हे खरे. पण कधी कधी जे हरवलेले होते तेच त्यामुळे सापडू लागते. आपापल्या घरची कपाटे विद्यार्थ्यांनी एकदा या दृष्टीने उघडून पाहावीत.