पीसी मध्येच का झोपतो?

पीसी चालू होत नसेल तर दोष शोधणं त्या मानाने सोपं असतं. पण जो चालू होतो, छान चालतो आणि मध्येच पटकन बंद पडतो, तो डोकं खातो. अशा वेळी दुकानात बहुतेकदा ‘मदरबोर्ड गेला’ किंवा ‘विंडोज परत टाकू’ हे ऐकायला मिळतं. खर्च करण्याआधी एक संध्याकाळ स्वतः तपासात घालवा. माझा क्रम असा आहे.

पहिला प्रश्न : पीसी ‘बंद केला जातोय’ की त्याची ‘वीज तुटतेय’? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडा. तिथे १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर कुठल्या तरी प्रोग्रॅमने किंवा माणसाने रीतसर शटडाऊन केलाय. प्रोग्रॅमचं नावही तिथेच मिळतं. २००३ साली ब्लास्टर वर्म आला तेव्हा विंडोज एक्सपी ६० सेकंदांची उलटी मोजणी दाखवून रीस्टार्ट व्हायचं. तो दोष सॉफ्टवेअरचा होता. पण नोंद कर्नल-पॉवर ४१ ची असेल तर पीसी रीतसर बंद न होताच गेला, एवढंच कळतं. का गेला, ते आपणच शोधायचं.

दुसरा प्रश्न : वीज नीट पोचते का? यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला काढून पीसी थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावा. यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली असेल तर दिवे नुसते लुकलुकले तरी पीसी जातो.

तिसरा प्रश्न : बंद पडण्याला काही वेळापत्रक आहे का? हा सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या घरच्या पीसीवर ताई टायपिंगची कामं घेते. गेल्या दिवाळीत तो सतत बंद पडायला लागला. टाईप केलेली पानं जायची, गिऱ्हाईक खोळंबायचं. दुकानदाराने मदरबोर्ड बदलायला सांगितलं होतं. मी सुट्टीत घरी गेलो आणि वेळा वहीत लिहिल्या. थंड असताना २० मिनिटं, लगेच सुरू केला तर ४ मिनिटं, तासभर विश्रांतीनंतर पुन्हा २० मिनिटं. एवढं झालं की संशय सरळ उष्णतेवर जातो. मग विंडोज सुरूच न करता बायॉसमध्ये तापमान बघत बसलो. आकडा ९० च्या पुढे गेला आणि थोड्याच वेळात पीसी गेला. विंडोज चालूच नव्हतं, म्हणजे ते निर्दोष सुटलं!

कॅबिनेट उघडलं. पंखा मस्त फिरत होता, म्हणून दुकानदाराला कूलर ठीक वाटला असावा. पण हीटसिंकच्या चार प्लॅस्टिक पिनांपैकी एक निसटली होती आणि हीटसिंक एका बाजूने उचललेलं होतं. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला तो वीज तोडायला लावतो. तो त्याचं काम चोख करत होता! जुनी वाळलेली पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली, चारही पिना बसवल्या. मदरबोर्ड अजून तोच आहे.

तुमच्या पीसीला असं वेळापत्रक नसेल, गेम सुरू केला की तो क्षणात जात असेल, तर एसएमपीएसवर संशय घ्या. १२ व्होल्टची लाईन ११.४ ते १२.६ च्या बाहेर जाता कामा नये. खात्रीचा उपाय म्हणजे मित्राचा चांगला, तेवढ्याच ताकदीचा एसएमपीएस लावून बघणं. बंद न पडता निळा स्क्रीन येत असेल तर रॅमच्या पट्ट्या एकेक काढून तपासा.

दोन पथ्यं पाळा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर दुरुस्त कशाने झालं ते कळणारच नाही. कॅबिनेट उघडण्याआधी प्लग काढा आणि एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर जबर झटका देऊ शकतात.

आणि तपास संपेपर्यंत प्रोजेक्ट रिपोर्टची एक कॉपी पेनड्राईव्हवर ठेवा. सबमिशनच्या दिवशी सरांना इव्हेंट व्ह्यूअर दाखवून चालत नाही!