भरते आणि पुन्हा फुटते ती जखम

आमच्या दवाखान्यात वर्षभर एका प्रकारचे रुग्ण येत राहतात. नडगीवर बारीकसे छिद्र, त्यातून पू, भोवतालची कातडी काळवंडलेली. विचारले की उत्तर बहुधा एकच मिळते : "मोहाच्या झाडावरून पडलो होतो. जखम भरते आणि परत फुटते." घरच्यांना हे कातडीचे दुखणे वाटते, म्हणून मलमे लावली जातात. पण दुखणे हाडात असते. डॉक्टर त्याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. आशाताई, कार्यकर्ते आणि आश्रमशाळेतील शिक्षक यांच्यासाठी त्याविषयी थोडे लिहीत आहे.

जंतू हाडात कसे जातात?
नडगीवर मांस फार कमी असते. हाड मोडून कातडी फाटली की बाहेरचे जंतू थेट हाडापर्यंत पोचतात. सर्वांत जास्त आढळणारा जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो अनेकांच्या नाकात आणि कातडीवर एरवी निरुपद्रवी राहतो. पू वाढला की हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तेवढा तुकडा मरतो. मेलेल्या हाडात रक्त जात नाही, म्हणून औषधही नीट पोचत नाही. जंतू तिथे सुरक्षित राहतात. ऑपरेशनमध्ये बसवलेल्या पट्टीवर किंवा सळईवरही ते चिकट थर करून असेच टिकतात.

पहिले काही तास
पूर्वी अशा उघड्या मोडीवर अनेकदा पाय कापणे हाच उपाय असे. 1865 मध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली सापडलेल्या 11 वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली. जखम चिघळली नाही आणि पाय वाचला. जंतूंना सुरुवातीलाच अडवायचे, हे तत्त्व आजही तेच आहे.

1. जखमेवर स्वच्छ कापड ठेवा. रक्त वाहत असेल तर दाबून धरा.
2. बाहेर आलेले हाड आत ढकलू नका. माती, हळद, शेण, पाला काही लावू नका.
3. पाय आहे त्या स्थितीत काठ्यांच्या आधाराने बांधा आणि 108 ला फोन करा.
4. प्रतिजैविकाचे इंजेक्शन शक्यतो पहिल्या तासातच मिळावे. धनुर्वाताचे इंजेक्शनही विसरू नका.

आमच्या भागात हाड बसवणाऱ्या वैद्यांना मान आहे. त्यांना मी एवढेच सांगतो : कातडी फाटलेली असेल तर लेप लावू नका, रुग्ण आमच्याकडे पाठवा.

मुलांकडे विशेष लक्ष
मुलांमध्ये जखम नसतानाही जंतू रक्तातून हाडात किंवा सांध्यात जातात. ताप आहे आणि मूल पाय टेकत नाही, एवढ्यावरूनच त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सांध्यात पू झाला तर काही दिवसांतच कूर्चा खराब होते. सुरुवातीचे दहा-बारा दिवस एक्स-रे चांगला दिसू शकतो, त्यावर विसंबू नका. सिकलसेल असलेल्या मुलांमध्ये हा धोका जास्त असतो. त्यांचे प्रत्येक दुखणे 'नेहमीचे' समजू नका.

उपचार अर्धवट नको
पू तपासणीला पाठवावा लागतो, कारण हाडाचा क्षयही असाच दिसतो आणि त्याची औषधे वेगळी असतात. जुन्या आजारात मेलेले हाड ऑपरेशन करून काढावे लागते. त्यानंतर साधारण सहा आठवडे औषध चालते. खरी अडचण इथेच येते. आठवड्याभरात पू थांबतो, तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो किंवा ऊसतोडीची गाडी येते आणि रुग्ण निघून जातो. मजुरी बुडते हे मला दिसते. पण अर्धे औषध घेऊन गेलेला माणूस पुन्हा येतो तेव्हा हाड आणखी खराब झालेले असते, आणि मजुरी त्याहून जास्त बुडते. म्हणून घरभेटीत गोळ्या मोजा आणि पुढची तारीख घरच्यांच्या लक्षात राहील असे पाहा.

गावात पू वाहणारी जखम दिसली की एक प्रश्न जरूर विचारा : "ही याआधी भरून परत फुटली होती का?" उत्तर 'हो' आले तर मलम देऊ नका, त्या रुग्णाला सोबत घेऊन दवाखान्यात या.