डोळ्यांच्या नात्याविषयी भाच्यास पत्र

चि. बाळ,

परवा तुमच्या विभागातील एक गृहस्थ कामानिमित्त येथे आले होते, ते सायंकाळी घरी येऊन गेले, आणि चहा घेता घेता त्यांनी तुझी जी हकीकत सांगितली ती ऐकल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. तुझ्या प्रबंधातील डोळ्यावरचे प्रकरण पुरे होत आले असून, माशी, उंदीर आणि ऑक्टोपस या तिघांतही पॅक्स-६ हे जनुक आहे, त्या अर्थी तिघांचे डोळे हा एकच अवयव होय, असा निकाल तू त्यात देऊन टाकला आहेस म्हणे. आणि भ्रूणाचे छेद घेऊन पाहण्याची सूचना मार्गदर्शकांनी केली, तेव्हा जनुकांचे अनुक्रम हाती असता छेद कशाला, ते जुन्या पंडितांचे काम, असे उत्तर तू त्यांच्या तोंडावर दिलेस. ऐकीव गोष्टीवर भिस्त ठेवू नये हे मला कळते, आणि म्हणूनच आक्काच्या, तुझ्या आईच्या, कानावर यातले काही मी घातलेले नाही. पण घड्याळ उघडण्यापूर्वीच ते कशाने बंद पडले हे सांगून तू मोकळा होत असस, हे आपल्या घरात कोण विसरले आहे? म्हणून सरळच विचारतो: बाळ, छेद घेतलेस का?

त्या जनुकाचा महिमा मी नाकारतो असे समजू नकोस. 1963 साली अर्न्स्ट माइर यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाने, अगदी निकटचे आप्त सोडले तर इतर प्राण्यांत समजात, म्हणजे एकाच पूर्वजापासून आलेली, जनुके शोधणे व्यर्थ आहे, असे लिहिले होते, आणि आमच्या विद्यार्थिदशेत ते वचन प्रमाण मानले जाई. पुढे 1995 साली बाझेल येथे वॉल्टर गेहरिंग आणि त्यांचे सहकारी यांनी उंदराचे पॅक्स-६ फळमाशीच्या अळीत भलत्याच ठिकाणी जागे केले, आणि माशीच्या पायांवर, पंखांवर, शृंगिकांवर डोळे उगवले, हे वाचले त्या दिवशी मी तुझ्या मामीला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून ते छायाचित्र दाखवले होते. परंतु त्या पायावर उगवलेला डोळा कोणाचा होता, याचा विचार तू केलास का? जनुक उंदराचे होते, पण डोळा निघाला तो माशीचाच, बारीक बारीक भिंगांच्या दाटीचा. जनुकाने डोळा घडवण्याची आज्ञा तेवढी दिली. कसला डोळा, हे माशीच्या पेशींनी आपल्या परंपरेप्रमाणे ठरवले.

आता छेदांत काय दिसते ते आठव. कोंबडीच्या 33 तासांच्या भ्रूणात अग्रमस्तिष्काच्या दोन्ही अंगांना दोन फुगे आलेले असतात, आणि 48 तासांच्या सुमारास तोच फुगा आत दबून त्याचा चषक होतो व समोरची त्वचा आत वळून भिंग होऊ लागते. म्हणजे आपले दृष्टिपटल हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. त्यातील प्रकाशग्राही पेशी प्रकाशाकडे पाठ करून बसतात, त्यांच्या पुढून जाणारे मज्जातंतू एका जागी पटलाला भोक पाडून मागे जातात, आणि तेथे अंधबिंदू राहतो. ऑक्टोपसचा डोळा त्वचा आत वळून होतो. त्याच्या प्रकाशग्राही पेशी प्रकाशाकडे तोंड करून असतात, तंतू मागच्या मागे जातात, आणि अंधबिंदू मुळी असतच नाही. बाहेरून पाहता दोन्ही डोळे एकमेकांशी इतके मिळतेजुळते, आणि उत्पत्ती अशी निराळी! हे छेदावाचून तुला कोण सांगणार होते? प्रकाश ओळखणारी पेशी आणि तिच्या घडणीशी निगडित असलेले ते जनुक तिघांच्या सामाईक पूर्वजापासून आले असेल, असे म्हणण्यास जागा आहे, आणि तेवढे तू खुशाल लिही. पण भिंग व पटल यांसह सिद्ध झालेला डोळा त्या पूर्वजाला होता, असा दाखला त्यातून मिळत नाही. वटवाघूळ आणि पक्षी यांचे पंख पुढचे पाय म्हणून समजात आहेत, पंख म्हणून नव्हेत, हे तू महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी मलाच समजावून सांगितले होतेस. कोणत्या पातळीवरचे नाते, हे नमूद केल्यावाचून समजाततेच्या विधानाला अर्थच राहत नाही.

आणि याची उलट बाजूही आहे: घडणीची रीत किंवा जनुक बदलले तरी अवयव समजात राहू शकतो. गॅव्हिन डी बीअर यांनी 1971 च्या आपल्या लहानशा पुस्तिकेत ती मांडली आहे. बेडकाच्या एका जातीत नेत्रचषक काढून टाकला तर भिंग होतच नाही, आणि दुसऱ्या, जवळच्याच जातीत चषकावाचूनही ते होते. तरी दोन्ही भिंगे समजात नाहीत असे कोणी म्हणत नाही. त्याच पुस्तिकेत त्यांनी फळमाशीच्या त्या उत्परिवर्तित वाणाचा उल्लेख केला आहे, ज्यात जनुक बिघडल्यामुळे डोळेच येत नाहीत, पण तो वाण आपसात वाढवत गेले असता, ते जनुक बिघडलेलेच राहूनही, इतर जनुकांच्या साहाय्याने काही पिढ्यांनी डोळे परत येतात. 1994 साली त्या जनुकाचा अनुक्रम उलगडला, तेव्हा ते पॅक्स-६ चेच भावंड निघाले! ज्या साक्षीदाराच्या एका जबानीवर तू निकाल दिलास, त्याचीच दुसरी जबानी दप्तरात पडून आहे, आणि तू ती पाहिलेली नाहीस, या विचाराने मला रात्री झोप येत नाही.

तुझे आजोबा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. आडनाव एक आणि गाव एक एवढ्यावर त्यांनी कधी कोणाची वारस म्हणून नोंद केली नाही. वंशावळ मागवीत, जुने फेरफार काढून पाहत, आणि मगच सहीसाठी कागद वर पाठवीत. तू त्यांचा नातू आहेस.

मी इतका का चिडलो, हे तुला कदाचित ठाऊक नसेल. एम्. एस्सी. झाल्यावर भ्रूणविज्ञानात संशोधन करण्याची संधी मला चालून आली होती. त्याच वर्षी तुझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, गेले, आक्काचे लग्न व्हायचे होते, आणि मी तालुक्याच्या शाळेत विज्ञानशिक्षक म्हणून रुजू झालो. त्याबद्दल माझी कोणावर फिर्याद नाही, आणि आक्कापाशी तू हे कधी बोलू नकोस. पण मायक्रोटोमच्या, म्हणजे छेद कापण्याच्या यंत्राच्या, पात्याखालून मेणाची फीत सुटत येते, कोमट पाण्यावर सोडताच तिच्या सुरकुत्या जातात, आणि एकेका चौकोनात तोच भ्रूण किंचित पुढे सरकलेला दिसतो, त्या सुखाला मी फार लवकर मुकलो. ते यंत्र तुझ्या खोलीपासून दहा पावलांवर असेल, आणि तू त्याच्याकडे पाठ फिरवावीस, हे माझ्याने सोसवले नाही.

फार बोललो. तुझ्या बुद्धीविषयी मला तिळमात्र शंका नाही, आणि अनुक्रमांचे जे काम तू केले आहेस ते माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. मार्गदर्शकांना एकदा भेट. माफी मागायला शब्द सुचले नाहीत तर नुसते छेदांचे साहित्य माग, ते समजून घेतील. मुदत जवळ आली म्हणून रात्री जागतोस, हेही त्या गृहस्थांनी सांगितले. खानावळ बंद होण्याआधी जेवून घेत जा. पैशांची अडचण असेल तर मला कळव, आक्काला नको.

दिवाळीला येशील तेव्हा प्रकरण बरोबर आण, अर्धे असले तरी चालेल. मला आता बारीक अक्षर वाचवत नाही. तू वाच, मी ऐकेन, आणि जेथे तुला माझे म्हणणे पटत नसेल तेथे माझ्याशी मनमोकळे भांड. मामीने तुझ्यासाठी अनारशांचे पीठ आताच करून ठेवले आहे. येणे जमणार नसेल तर तसे लिही. मी रागावणार नाही.

तुझा
मामा