समतेचा रोजचा पाठ

समता कायद्याने येते की शिक्षणाने? १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. तरीही १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्सच्या विल्यम फ्रांट्झ प्राथमिक शाळेत सहा वर्षांच्या रूबी ब्रिजेस या कृष्णवर्णीय मुलीला केंद्रीय मार्शलांच्या पहाऱ्यात जावे लागले. गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली. बार्बरा हेन्री या गोऱ्या शिक्षिकेने मात्र वर्षभर तिला एकटीलाच शिकविले. पुढील वर्षी तिच्या वर्गात इतर मुलेही बसली. आम्हांस वाटते, दोन्ही हवेत. कायद्याने शाळेचे दार उघडले. ते उघडे ठेवले रोजच्या धड्याने. विद्यार्थी मित्रहो, आपल्या बाकावर आपण कोणाला जागा देतो, हे आपणही रोज तपासू या.