रुपयाची मोड किती प्रकारांनी?

एका रुपयाची मोड किती प्रकारांनी देता येईल? प्रश्न बाजारातला आहे, म्हणून उत्तरही बोटांवर मोजता येईल असे वाटते. परंतु सुचतील तसे प्रकार लिहीत गेल्यास काही दोनदा येतात, काही निसटतात आणि यादी पुरी झाली की नाही याची खात्री पटत नाही. ही खात्री कशी मिळवावयाची, ते येथे पाहू.

उदाहरण जुन्या नाण्यांचे घेऊ. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होत. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली आणि आठ आण्यांची अधेली. आण्याहून लहान नाणी तूर्त बाजूस ठेवू. नाणी कोणत्या क्रमाने दिली हे पाहावयाचे नाही. कोणते नाणे किती, एवढेच मोजावयाचे.

केवळ आणे असतील तर प्रकार एकच. आता चवली घेऊ. चवल्या शून्यापासून आठपर्यंत कितीही घेता येतात आणि उरलेली रक्कम आण्यांनी भरून निघते. म्हणून प्रकार ९.

त्यानंतर पावली. शून्य, एक, दोन, तीन किंवा चार पावल्या घेतल्यास अनुक्रमे १६, १२, ८, ४ आणि ० आणे उरतात. त्यांची मोड आणे व चवल्या यांनी ९, ७, ५, ३ व १ प्रकारांनी होते. बेरीज २५.

शेवटी अधेली. ती न घेतल्यास २५ प्रकार. एक घेतल्यास उरलेल्या आठ आण्यांचे ५, ३ व १ मिळून ९. दोन घेतल्यास १. एकूण ३५. हे तीन आकडे पाच, तीन आणि एक यांचे वर्ग आहेत, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलेच असेल.

रीत अशी: नवे नाणे किती वेळा वापरता येईल ते पाहावे, उरलेल्या रकमेचे प्रकार आधीच्या पायरीवरून घ्यावे आणि बेरीज करावी. अशाने काही सुटत नाही, काही दोनदा येत नाही.

आता कल्पना करा की टांकसाळीत एक, दोन, तीन, चार अशा प्रत्येक किमतीचे नाणे पडते. मग चार आणे पाच प्रकारांनी देता येतील: ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. यालाच संख्येचे विभाजन म्हणतात. सोळाची विभाजने २३१ आहेत, तर शंभराची १९,०५,६९,२९२! येथे आपली पायरीपायरीची रीत चुकत नाही, पण फार लांबते.

या प्रश्नाला नवी दिशा देणारा माणूस आजच्या चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात कारकून होता. श्रीनिवास रामानुजन १ मार्च १९१२ रोजी दरमहा तीस रुपये पगारावर तेथे रुजू झाले आणि १९१४ मध्ये केंब्रिजला गेले. तेथे हार्डी यांच्यासह त्यांनी विभाजनांची संख्या काढण्याचे सूत्र शोधले. ते १९१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मॅकमहॉन यांनी २०० पर्यंतच्या संख्यांची विभाजने चिकाटीने मोजून कोष्टक केले होते. त्यात २०० साठी ३९,७२,९९,९०,२९,३८८ हा आकडा होता. सूत्राच्या पहिल्या आठ पदांनी जे उत्तर आले, त्यात आणि या आकड्यात फरक केवळ ०.००४ इतका होता.

त्याच कोष्टकात रामानुजन यांना आणखी एक गोष्ट दिसली. ४, ९, १४ अशा, म्हणजे शेवटी ४ किंवा ९ असलेल्या, संख्यांची विभाजने ५, ३०, १३५ आहेत. त्यांना नेहमी पाचाने भाग जातो. हे असेच का व्हावे, याची सिद्धताही त्यांनी दिली. मोजणी नीट मांडलेली असली म्हणजे तिच्यातील नियम डोळ्यांना दिसू लागतात.

वाचकांसाठी प्रश्न: एक, दोन, पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांनी वीस रुपयांची मोड किती प्रकारांनी होईल? वरील रीतीने पायरीपायरीने जावे.

उत्तर: दहाचे नाणे न घेता २९, एक घेऊन १० आणि दोन घेऊन १; एकूण ४०.