पथ्य हेच औषध : गहू न सोसणारे आतडे आणि आपली भाकरी

आरोग्यविषयक माहितीच्या या पानासाठी यंदा ‘सिलिॲक’ हा आजार निवडला आहे. नाव परके असले तरी त्याचे औषध आपल्या परतूरच्या शिवारात पिकते, म्हणून तो येथे मांडणे उचित वाटते.

गहू आणि जव या धान्यांत ग्लूटेन नावाचे चिवट प्रथिन असते. कणीक मळल्यावर ताणली जाते, ती त्याच्यामुळेच. काही व्यक्तींमध्ये हे प्रथिन पोटात जाताच शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याला दीर्घकाळ दाह होतो, त्याच्या अस्तरावरील मखमलीसारखे अंकुर झिजतात आणि अन्नरस शोषला जाईनासा होतो. मग मूल पोटभर जेवूनही वाढत नाही, पोट फुगते, जुलाब लागतात. अशा मुलाच्या ‘अन्न अंगी लागत नाही’ असे आपल्याकडील वडीलधारी मंडळी म्हणतात. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनेही घडते ते नेमके हेच. मोठ्या वयात कित्येकदा लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा रक्तक्षय एवढेच लक्षण दिसते.

लंडनचे डॉ. सॅम्युएल गी यांनी 1888 मध्ये या आजाराचे वर्णन केले आणि उपाय आहारातच शोधावा लागेल असे सुचविले. परंतु दोषी अन्न कोणते, हे त्यांना उमगले नव्हते. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांना गव्हाचा संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तेथे भीषण अन्नटंचाई झाली, पाव दुर्मिळ झाला, आणि सारा देश उपाशी असताना ही आजारी मुले मात्र सुधारू लागली. पाव परत मिळू लागताच ती पुन्हा खालावली. डिके यांनी 1950 मध्ये आपला प्रबंध सादर केला. त्यानंतर आजतागायत या विकारावर गहू वर्ज्य करण्याइतका खात्रीचा दुसरा इलाज सापडलेला नाही.

भारतात 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या आजाराची रक्तातील खूण उत्तर भारतात शंभरात साधारण 1.2 प्रौढांत, तर दक्षिणेत हजारात एकात आढळली. आनुवंशिक प्रवृत्ती दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. फरक होता तो ताटातील गव्हाचा. मराठवाड्याचे ताट पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीचे. 1 मे 1981 पर्यंत आपला तालुका ज्या परभणी जिल्ह्यात होता, तेथील कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे ज्वारीचे वाण दिले. पुढे शिवारात सोयाबीन व कापूस वाढला, रेशनमधून गहू आला, पोळी प्रतिष्ठेची झाली आणि भाकरी मागे पडली. सिलिॲकच्या रुग्णासाठी मात्र ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी हेच निर्धोक अन्न आहे. एकादशीचा साबुदाणा, भगर, राजगिराही चालतो. उपवासाचा फराळ पथ्याच्या उपयोगी पडावा, हा योग मोठा मजेदार आहे.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा. त्यास यातील खर्चाची बाजू चटकन दिसते. धान्याला फार पैसे लागत नाहीत. लागते ते वेगळेपण सांभाळणे. गिरणीत गव्हामागोमाग ज्वारी दळली की पथ्य तेथेच मोडते. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. सातूच्या पिठात गहू असतो. शेवया, रव्याचा शिरा, बिस्किटे यांविषयी तर बोलायलाच नको. पुरणपोळीच्या दिवशी घरातील एकाच लेकराला भाकरी वाढताना आईचा हात जड होतो. ‘प्रसादाचा एक घास, त्याने काय होते?’ असे आजी प्रेमाने म्हणते. परंतु त्या घासानेही आतडे पुन्हा दुखावते. मूल बाळसे धरू लागले की पथ्य सैल पडते, आणि खरा धोका तेव्हाच असतो. हे पथ्य आयुष्यभराचे आहे.

दोन सूचना आवर्जून कराव्याशा वाटतात. संशय आला तरी तपासणीपूर्वी गहू बंद करू नये. गहू आहारात असतानाच रक्ताची तपासणी व आवश्यक तेथे दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासला, तर निदान पक्के होते. आधीच पथ्य केल्यास अहवाल फसवा येऊ शकतो. निदान झालेल्या रुग्णाच्या आईवडिलांनी व भावंडांनीही रक्त तपासून घ्यावे. दुसरे असे की, आमवात किंवा आतड्याचे अन्य दाहविकार केवळ गहू सोडल्याने बरे होतात, असा समज करून चालू औषधे थांबवू नयेत.

विश्वस्त मंडळ व देणगीदारांपुढे एक विनंती ठेवतो. अशा गरजू कुटुंबास कोरी घरघंटी, म्हणजे जिच्यात गहू कधीच दळलेला नाही अशी, वापरावयास देता आली, तर पथ्यातील सर्वांत मोठी अडचण दूर होईल. ती देताना तिच्यावर ‘गहू दळू नये’ असे ठळक अक्षरांत लिहून द्यावे; शेजारी पायलीभर गहू घेऊन येणारच.